शेऱ्याचा रकाना

कचेरीत संगणक आला, त्याने काम किती वाढले वा घटले, कागद किती वाचला, यांचे हिशेब आपल्याकडे वेळोवेळी मांडले जातात. तो संगणक ज्याच्या पुढ्यात ठेवला त्या माणसाला त्याविषयी काय वाटते, हा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही. मांडलाच तर एखाद्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी, चहा येण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत, एका छापील पानावर मांडला जातो. 'अत्यंत समाधानी'पासून 'अत्यंत असमाधानी'पर्यंत पाच चौकोन असतात. त्यांतल्या एकावर खूण करायची, खाली नाव आणि पदनाम लिहायचे आणि कागद साहेबांकडे द्यायचा. नाव लिहून साहेबांकडे द्यायच्या कागदावर कोणत्या चौकोनात खूण होते, हे सांगायला संशोधकाची गरज नाही.

जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका कचेरीत, असेच एक भरलेले पान आमच्या पाहण्यात आले. खूण 'समाधानी'वर होती. ज्या टेबलावर ते पान पडले होते त्याच टेबलावर पुठ्ठ्याच्या बांधणीची एक लांबट वहीही होती. समोरची कारकून मुलगी आलेला प्रत्येक अर्ज आधी त्या वहीत उतरवून घेत होती आणि मग सवडीने संगणकात भरत होती. आम्ही विचारले, "ही वही कशासाठी?" ती म्हणाली, "ही आमची आहे, सर. ते वरच्यांचं."

या दोन छोट्या वाक्यांत जे सांगितले गेले, ते त्या छापील पानावर कुठेच नव्हते. कामाच्या ठिकाणच्या संगणकप्रणालीविषयीचे समाधान कसे मोजावे, या प्रश्नावर आम्हांला जे म्हणायचे आहे ते त्या वहीपासूनच सुरू होते.

मोजणीचे शास्त्र

हे शास्त्र नवे नाही आणि टाकाऊही नाही. माणसाच्या मताला आकडा देण्याची जी पाच चौकोनांची रीत आज सर्वत्र दिसते, ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ साली मांडली. संगणक वापरणाऱ्यांच्या समाधानाकडे विद्वानांचे लक्ष वळले ते १९८०च्या दशकात. १९८३ साली बेली आणि पिअर्सन यांनी समाधानाचे ३९ घटक काढले. माहिती अचूक आहे का, वेळेवर मिळते का, संगणक विभागातली माणसे नीट बोलतात का, आपल्या हाती काही नियंत्रण उरले आहे असे वाटते का, अशी ती यादी होती. १९८८ साली डॉल आणि तोरकझादे यांनी बारा प्रश्नांत ते आटोपते घेतले आणि आशय, अचूकता, मांडणी, सोपेपणा व वेळ अशा पाच कप्प्यांत बसवले. त्याच सुमारास, १९८६ साली, इंग्लंडमध्ये जॉन ब्रूक यांनी दहा विधानांची एक पट्टी तयार केली. आज जगभर सर्वांत जास्त वापरली जाते ती हीच. तिचे उत्तर शून्य ते शंभर यांमध्ये येते. पाहणारा त्याला टक्के समजतो, पण ते टक्के नसतात. अनेक प्रणालींच्या अनुभवावरून ६८ हा तिचा सरासरी गुण मानला जातो, त्यामुळे ६० गुण म्हणजे प्रथम वर्ग नसून सरासरीहून कमी. ब्रूक यांनी स्वतःच या पट्टीला झटपट आणि कामचलाऊ असे म्हटले होते. तो प्रामाणिकपणा तिचा वापर करणाऱ्यांत नेहमी आढळत नाही.

याहून जुनी आणि आमच्या मते अधिक उपयोगाची एक गोष्ट फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली सांगितली होती. पिट्सबर्गच्या परिसरातील सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन त्यांनी असा निष्कर्ष काढला, की समाधान आणि असमाधान ही एकाच काठीची दोन टोके नाहीत. पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा या गोष्टी बिघडल्या तर माणूस वैतागतो, पण त्या ठीक असल्या म्हणून सुखावत नाही. सुखावतो तो काम तडीला गेल्याने, त्याची दखल घेतली गेल्याने. हर्झबर्गच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली. तरीही ज्याने कधी सर्व्हर बंद पडल्याने अर्धा दिवस रांगेपुढे बसून काढला आहे, त्याला यातले मर्म सांगावे लागत नाही. सर्व्हर चालला म्हणून कोणी पेढे वाटीत नाही. तो बंद पडला की शिव्या खातो तो मात्र टेबलाशी बसलेला माणूस, सर्व्हर नव्हे. एकाच पट्टीवर दोन्ही गोष्टी मोजणारा चौकोन हा भेद गिळून टाकतो.

तेव्हा साधने आहेत आणि विचारही झालेला आहे. आमचा आक्षेप साधनांवर नाही. आमचे दोन प्रश्न आहेत. विचारले कोणाला? आणि ज्याला विचारले त्याला नाही म्हणण्याची सोय होती का?

विचारले कोणाला?

बेली आणि पिअर्सन यांनी आपली यादी मुख्यत्वे मधल्या फळीतल्या व्यवस्थापकांशी बोलून पारखली होती. त्या काळी ते योग्यच होते, कारण संगणकातून निघणारा अहवाल वाचणारा हाच 'वापरकर्ता' मानला जाई. आता चित्र पालटले आहे. माहिती भरणारा एक, मंजुरी देणारा दुसरा, अहवाल वाचणारा तिसरा. तिघेही 'वापरकर्ते' म्हणवतात आणि तिघांचे समाधान परस्परविरोधी असू शकते. नव्हे, पुष्कळदा पहिल्याच्या त्रासातूनच तिसऱ्याचे समाधान निपजते. दररोज संध्याकाळी पाचपर्यंत आठही तालुक्यांचे आकडे रंगीत तक्त्यात दिसणे ही जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्याची सोय. ते आकडे पाचच्या आत भरण्यासाठी जालन्यापासून मंठ्यापर्यंत कोणाकोणाला काय काय बाजूला ठेवावे लागले, हे तक्त्यात येत नाही.

याचे एक टोकाचे उदाहरण याच जिल्ह्यात नुकतेच पाहायला मिळाले. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील अतिवृष्टीच्या अनुदानवाटपात कोट्यवधींचा अपहार झाल्याचे २०२५ साली उघडकीस आले. अनेक कर्मचारी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. दोष कोणाचा आणि किती, हे न्यायालय ठरवील. आम्हांला त्यात पडायचे नाही. या प्रकरणात वरिष्ठांचे लॉगिन आणि परवलीचा शब्द इतरांनी वापरल्याचा जो मुद्दा पुढे आला, तेवढाच आमच्या विषयाचा आहे.

सरकारी कचेऱ्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना परवलीचा शब्द हा खरोखर परवलीचा असतो असा भ्रम क्वचितच असेल. पडद्याच्या काचेवर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी, वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली अक्षरे, 'साहेबांचं डोंगल माझ्याकडेच असतं' असे अभिमानाने सांगणारा ऑपरेटर, हे सर्व आपण पाहिलेले असते. यात दरवेळी लबाडी असतेच असे नाही. एका अधिकाऱ्याला दिवसाला शेकडो नोंदींवर मंजुरीची कळ दाबायची असेल, त्याच वेळी बैठक, बंदोबस्त, निवडणूक आणि पंचनामे असतील, तर तो कळ दाबायला माणूस ठेवतो. पूर्वी सही दुसऱ्याला देता येत नव्हती. आता देता येते.

आता अशा अधिकाऱ्यापुढे समाधानाचे पान ठेवा. प्रणाली सोपी आहे का? होय, अगदी सोपी. वेळ वाचतो का? होय, फार वाचतो. त्याचे उत्तर खोटे नसते, कारण प्रणाली त्याला खरोखरच सोपी वाटते. ती वापरतो दुसराच. समाधानाचा आकडा जितका उंच, तितका धोका मोठा, अशी ही विपरीत स्थिती आहे. ज्या पाहणीत 'तुमच्या नावाने ही प्रणाली आज प्रत्यक्ष कोणी उघडली?' हा एक प्रश्न नाही, तिचे बाकीचे बारा किंवा एकोणचाळीस प्रश्न काय कामाचे?

नाही म्हणण्याची सोय

दुसरा प्रश्न सक्तीचा. डिलोन आणि मॅक्लीन यांनी १९९२ साली माहितीप्रणालीच्या यशाचा जो आराखडा मांडला, त्यात 'वापर' आणि 'वापरणाऱ्याचे समाधान' हे दोन्ही घटक होते. 'वापर' हे यशाचे माप तेव्हाच अर्थपूर्ण असते जेव्हा तो ऐच्छिक असतो, हे त्या चर्चेत प्रथमपासून मान्य होते. आपल्याकडे मात्र 'शंभर टक्के वापर' हेच यश म्हणून जाहीर होते.

जालन्याच्या मोंढ्यात जाऊन पाहावे. तिथल्या अडतदुकानांत टॅली आली ती कोणाच्या परिपत्रकाने नव्हे. आधी एका दुकानाने घेतली, मुनीमजींनी नाके मुरडली, मग कर भरण्याच्या वेळी तिची सोय दिसली, आणि शेजाऱ्याने घेतली. लक्ष्मीपूजनाला आजही लाल वहीची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी हिशेब संगणकावर चढतो. प्रणाली पटली नसती तर व्यापाऱ्याने ती बाजूला सारली असती. अशा ठिकाणी समाधान मोजायला प्रश्नावली लागत नाही, विक्री पुरते. पण तलाठ्याला, अंगणवाडीतल्या ताईला, जिल्हा परिषदेच्या गुरुजींना प्रणाली नाकारता येत नाही. ज्याला नाकारता येत नाही त्याच्या वापरावरून त्याच्या समाधानाविषयी काहीच कळत नाही. कळते ते नाइलाजाविषयी.

अशा माणसांनी कधी एकत्र येऊन नाही म्हटले, तर काय होते? ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत, त्यांच्यासाठी हे फोन २०१९च्या सुमारास दिले गेले होते. तक्रारी साध्या होत्या. फोनची स्मृती अपुरी, तो तापतो, मध्येच थांबतो, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडतो. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आलेले 'पोषण ट्रॅकर' हे केंद्राचे नवे अॅप इंग्रजीत. आधीच्या प्रणालीत मराठी होती. नव्या, सुधारलेल्या प्रणालीत ती गेली. अकरा नोंदवह्या मराठीत लिहिणाऱ्या बाईने बाळाचे वजन आणि उंची इंग्रजीत भरावी, अशी ती अपेक्षा होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे त्या अॅपमध्ये मराठीसह इतर भाषा आल्या.

आमच्या माहितीत महाराष्ट्रात कामाच्या ठिकाणच्या प्रणालीविषयीच्या समाधानाची एवढी मोठी आणि एवढी स्पष्ट मोजणी दुसरी झालेली नाही. तिला कोणी मोजणी म्हटले नाही, आंदोलन म्हटले. पण तिच्यात नमुना मोठा होता, उत्तर स्वतःच्या इच्छेने दिलेले होते आणि उत्तर देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागणार होती. पाच चौकोनांच्या पानात यांतले एकही लक्षण नसते. शिवाय त्या उत्तरात कारणेही होती. भाषा, स्मृती, खर्च: बेली आणि पिअर्सन यांच्या यादीतले कितीतरी घटक त्या सेविकांनी ती यादी न वाचता सांगितले होते.

यात पणाला काय लागते, तेही पाहू. अॅपमध्ये बाळाचे वजन चुकीचे पडले तर एक कुपोषित मूल तक्त्यात धडधाकट होते. तलाठ्याच्या नोंदीत पीक चुकले तर शेतकऱ्याला नुकसानभरपाई मिळत नाही. ऑगस्ट २०२१मध्येच सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने तर ही नोंद शेतकऱ्याच्याच हाती दिली. म्हणजे आता बांधावर उभा राहून, फोनला रेंज शोधत असलेला भोकरदनचा कास्तकारही या प्रणालीचा 'वापरकर्ता' झाला. वापरणाऱ्याचे असमाधान ही त्याच्या मनाची अवस्था म्हणून सोडून देता येत नाही. पुष्कळदा ती नोंद चुकत असल्याची पहिली बातमी असते.

ही बातमी न ऐकल्याने काय होते, याचा मोठा दाखला इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या टपाल खात्याने १९९९पासून आपल्या शाखांत 'होरायझन' नावाची हिशेबाची प्रणाली बसवली. शाखा चालवणाऱ्यांच्या पडद्यावर अचानक तूट दिसू लागली. त्यांनी मदतकेंद्राला फोन केले, आणि त्यांच्यातल्या अनेकांना सांगण्यात आले की अशी तक्रार दुसऱ्या कोणाचीच नाही. नऊशेहून अधिक माणसे चोरी आणि खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरली. काही तुरुंगात गेली, काहींनी घरे विकून नसलेली तूट भरली. २०१९मध्ये तिथल्या न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचे मान्य केले आणि २०२४मध्ये कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. शेकडो असमाधानी वापरकर्ते वीस वर्षे एकच गोष्ट सांगत होते. प्रत्येकाला ती एकट्याची वाटेल अशी व्यवस्था होती, आणि अनर्थ घडला तो त्या व्यवस्थेमुळे.

एक आक्षेप

इथे कोणी म्हणेल, की कचेरीतल्या माणसाचे समाधान हा निकष तुम्ही भलताच उचलून धरता. संगणकाने ज्यांची चिरीमिरी बुडाली ते असमाधानी असणारच. सातबाऱ्यासाठी तलाठ्यामागे आठ-आठ दिवस हिंडणारा शेतकरी १ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या काढू लागला. तलाठ्याला ते आवडले की नाही, याच्याशी आम्हांला काय करायचे?

आक्षेप खरा आहे. काही असमाधान हे प्रणाली नीट चालल्याचे लक्षण असते, आणि ज्याची सत्ता गेली त्याच्या नाराजीला गुण देण्याचे कारण नाही. म्हणूनच नुसता आकडा अपुरा पडतो. पाच चौकोनांच्या पानावर ज्याचे कुरण गेले तो आणि ज्याचे काम अडले तो, दोघेही 'असमाधानी'वरच खूण करतील. दोघांतला फरक कारण विचारल्याशिवाय आणि काम पाहिल्याशिवाय कळत नाही. पुन्हा त्या वहीकडे येऊ. ज्याला प्रणाली टाळायची आहे तो नोंदच ठेवत नाही. ज्याला काम करायचे आहे पण प्रणालीवर भरवसा नाही, तो दोनदा नोंद करतो, एकदा स्वतःसाठी आणि एकदा वर पाठवण्यासाठी. दुप्पट काम करून त्याने जी गोष्ट राखली ती कोणती, एवढे पाहिले तरी प्रणालीत काय कमी आहे ते कळेल. त्या कारकून मुलीच्या वहीत आम्ही डोकावलो तेव्हा अर्जदाराच्या नावापुढे लिहिलेले दिसले: 'भाऊ पुण्यास, सहीला दिवाळीत येणार.' 'आजी, ठसा उमटत नाही, पुन्हा बोलावले.' संगणकाच्या पडद्यावर या अर्जांपुढे एकच शब्द होता, 'प्रलंबित'.

शेरा आणि चावडी

जुन्या महसुली दप्तराची आठवण इथे होते. गाव नमुन्यांची ती अवाढव्य परंपरा, एक ते एकवीस क्रमांकांची, तिचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. तिच्या आडून झालेले अन्याय सर्वांना ठाऊक आहेत. पण त्या नमुना बाराच्या शेवटी एक रकाना असतो: शेरा. बाकीच्या रकान्यांत जे बसले नाही ते तिथे लिहायचे. ज्या कोणी तो तक्ता आखला त्याला हे ठाऊक होते, की आपण आखलेल्या रकान्यांत सगळे गाव बसणार नाही.

या जिल्ह्याला तर हे सांगायला नको. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे काढावे, लेखणी आणि शाई कशी असावी, हे सांगताना समर्थ पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडायला सांगतात. हेतू असा, की कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागू नये. साधन झिजणार हे धरून चालायचे आणि मजकूर वाचेल अशी तजवीज आधीच करायची. परमार्थ सांगणाऱ्या ग्रंथात लिहिणाऱ्याच्या हाताचा एवढा विचार आहे. आजच्या किती पडद्यांत तो असतो? लाल चौकट उमटते, 'हा रकाना भरणे अनिवार्य आहे', आणि समोरच्या आजीचा ठसा काही उमटत नाही.

आमची सूचना म्हणून साधी आहे. कचेरीतल्या प्रत्येक प्रणालीत, प्रत्येक पडद्यावर, शेऱ्याचा एक रकाना असावा. मराठीत लिहिता येईल असा आणि कितीही लांब. त्यात लिहिलेले कोणीतरी वाचणे आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर देणे बंधनकारक असावे. समाधान मोजायचे तर आधी हे शेरे वाचावेत. चौकोन मोजायचे असतील तर मोजा, पण नाव न घेता आणि भरणाऱ्याकडून, अहवाल वाचणाऱ्याकडून नव्हे. त्याबरोबर तीन गोष्टी पाहाव्यात, ज्यांना कोणाला काही विचारावे लागत नाही. कचेरीत प्रणालीशेजारी किती वह्या चालतात? नोंदी दिवसाच्या कोणत्या वेळी भरल्या जातात? आणि एका माणसाचे लॉगिन किती हातांतून फिरते? रात्री अकराला, सर्व्हर हलका झाल्यावर, घरून भरलेल्या नोंदींची वेळ प्रणालीत आपोआप उमटलेली असते. तिच्याकडे कोणी समाधानाचे माप म्हणून पाहत नाही, इतकेच.

दुसरी सूचना आमची नाही, शासनाचीच आहे. २०१७ साली संगणकातले सातबारे हस्तलिखितांशी जुळतात का हे पाहण्यासाठी राज्यभर चावडी वाचन झाले. गाव जमवायचे, उतारा मोठ्याने वाचायचा, ज्याच्या नावात, क्षेत्रात चूक असेल त्याने तिथेच सांगायचे. कितीतरी ठिकाणी ते उरकून टाकले गेले असेल, पण कल्पना खणखणीत होती. प्रणाली तपासण्याचा अधिकार, निदान काही दिवस, तिच्यात ज्याचे नाव आहे त्याला मिळाला होता. तसेच कचेरीचे चावडी वाचन का होऊ नये? वर्षातून एकदा, तालुक्याच्या ठिकाणी, जे भरतात त्यांना एकत्र बसवून पडदा मोठ्या भिंतीवर लावावा आणि रकान्यामागून रकाना वाचत जावे. हा कशासाठी? हा कोणी मागितला? हा भरायला काय अडते? सर्वांसमोर विचारले की 'ही तक्रार तुमची एकट्याचीच' असे कोणाला सांगता येणार नाही. नॉर्वेत १९७०च्या दशकाच्या आरंभी क्रिस्टन नीगार्ड यांनी लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर असेच काम केले. कामगारांनीच आपल्या कारखान्यातल्या संगणकप्रणालींचा अभ्यास केला आणि त्यांच्याविषयी बोलण्याचा हक्क करारात मिळवला. आपल्याकडे चावडी आधीपासूनच आहे. जालना जिल्हा तर १९८१चा, आठ तालुक्यांचा. एवढ्या जिल्ह्यात हे वाचन एका हंगामात उरकता येईल.

नोंद कधी कोणाच्या उपयोगी पडेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. २०२३नंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी मराठवाड्यातल्या कचेऱ्यांत मोडीतले आणि उर्दूतले जुने कागद बाहेर काढण्यात आले, तेव्हा शंभर-शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनांची अक्षरे लोक भिंग लावून वाचत होते. मागणीच्या बाजूने असो वा विरोधात, सर्वांचा भार त्या अनाम हातांवर पडला होता. आजच्या नोंदीही कधीतरी अशाच वाचल्या जातील. त्या कोणी, कोणत्या घाईत, कोणाच्या लॉगिनने, रात्रीच्या किती वाजता भरल्या, यावर त्यांचा खरेखोटेपणा ठरणार आहे.

म्हणून 'आपण समाधानी आहात काय?' हे विचारण्याआधी त्या टेबलावरची वही मागून घ्यावी, उघडून वाचावी आणि तिच्यातले जे संगणकात नाही त्याची यादी करावी. ती यादी रिकामी निघाली, तर समाधानाचे पान वाटायला आमची हरकत नाही.